पहिला मालक कोण?

डेन्व्हरचा बँकर जेम्स डेक्स्टर याच्याकडे चांदीचा एक डॉलर होता. १८८५च्या मे महिन्यात चॅपमन बंधूंनी तो लिलावात काढला आणि डेक्स्टरच्या वतीने एका व्यापाऱ्याने एक हजार डॉलर मोजून तो उचलला. नाण्यावर साल १८०४. पुढे डेक्स्टरने बारीक पोलादी पंच घेतला, नाणं उलटं केलं आणि गरुडाच्या डोक्यावर जे ढगांचे पुंजके आहेत त्यांतल्या एकावर आपल्या आडनावाचं पहिलं अक्षर, 'डी', ठोकून दिलं. भिंग घेतल्याशिवाय ते सापडत नाही. एरवी असा ठोका पडला की नाण्याची किंमत कोसळते. हे नाणं २०१७ साली ३२,९०,००० डॉलरना गेलं आणि त्या 'डी'चं वर्णन कॅटलॉगमध्ये कौतुकाने केलेलं होतं.

पैसा हातोहात फिरतो तो एका अलिखित अटीवर: आधी तो कुणाच्या खिशात होता, हे विचारायचं नाही. दुर्मीळ नाण्यांच्या बाजारात मात्र तेच पहिल्यांदा विचारतात. तिथे नाण्याचा सातबारा बघतात. कुणाकडून कुणाकडे गेलं, कोणत्या साली, किती किमतीला, कोणत्या लिलावात कितव्या क्रमांकाने. आणि सातबाऱ्यात जी गोम असते ती इथेही असते. अलीकडचे फेरफार स्वच्छ आणि सगळ्यात जुनी नोंद संशयाची. १८०४चा डॉलर हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, कारण त्याच्या बाबतीत नाण्यावरचं सालच खोटं आहे.

अमेरिकेची टांकसाळ १७९२च्या कायद्याने फिलाडेल्फियात उभी राहिली. चांदीचे पहिले डॉलर १७९४च्या ऑक्टोबरात बाहेर पडले, अवघे १,७५८. पुढची दहा वर्षं डॉलर पाडले गेले, पण ते देशात टिकेनात. वेस्ट इंडीजमध्ये हा नवा, चकचकीत डॉलर देऊन त्याहून किंचित जड असा स्पॅनिश डॉलर मिळायचा. व्यापाऱ्यांनी हिशेब केला, नवे डॉलर जहाजात भरले, जड नाणी परत आणली आणि त्यांची चांदी पुन्हा टांकसाळीत नेऊन दिली. सरकारच्या खर्चाने चाललेला हा धंदा थांबवायला टांकसाळीने डॉलर पाडणंच बंद केलं. १८०४ सालच्या वहीत १९,५७० डॉलरची नोंद आहे, पण ते आधीच्या सालाच्या ठशांवर पाडलेले होते. टांकसाळीची तेव्हाची रीतच अशी होती. ठसा चालतोय तोवर चालवायचा, सालाची फिकीर कोण करतो? म्हणजे १८०४ साली, १८०४ हे साल असलेला एकही डॉलर निघाला नाही.

मग हे नाणं आलं कुठून? त्यासाठी तीस वर्षं पुढे आणि बरंच पूर्वेकडे जावं लागतं.

न्यू हॅम्पशायरचा एडमंड रॉबर्ट्स हा जहाजांच्या धंद्यात हात पोळलेला व्यापारी. झांझिबारला असताना त्याची ओमानचा सुलतान सय्यद सईद याच्याशी गाठ पडली होती. अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारने त्याला खास दूत म्हणून पूर्वेला पाठवलं आणि १८३३ साली त्याने दोन करार पदरात पाडले, मार्चमध्ये सयामशी आणि सप्टेंबरमध्ये मस्कतशी. करारांना अमेरिकेत मंजुरी मिळाल्यावर ते परत नेऊन द्यायचे होते आणि सोबत नजराणे न्यायचे होते. आशियातल्या दरबारांत रिकाम्या हातांनी जाता येत नाही हे रॉबर्ट्सला पुरतं कळलेलं होतं. नजराण्यांच्या यादीत आपल्या देशाच्या नाण्यांचा एकेक संचही होता.

१८३४च्या नोव्हेंबरात परराष्ट्र खात्याचा हुकूम टांकसाळीचा संचालक सॅम्युएल मूर याच्या टेबलावर आला. चलनात असलेल्या प्रत्येक प्रकारचं एक नाणं, सोनं, चांदी, तांबं, उत्तम चामड्याच्या पेटीत बसवून द्यावं. इथे पेच पडला. कायद्याने डॉलर चलनात होता, पण तीस वर्षांत पाडलेलाच नव्हता. वही उघडली तर शेवटची नोंद १८०४ची. त्या सालाचे ठसे तयार केले, आणि इतिहासात कधी नव्हतं ते नाणं झगझगीत पॉलिश करून पेटीत बसवलं. यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. कारकुनी प्रामाणिकपणातून इतका मोठा घोळ क्वचितच झाला असेल. त्या सुमारास पाडलेले असे आठ डॉलर आज माहीत आहेत.

रॉबर्ट्स १८३५च्या एप्रिलमध्ये 'पीकॉक' या युद्धनौकेवरून निघाला. सप्टेंबरमध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटापाशी जहाज रात्री खडकावर चढलं. हलकं करण्यासाठी तोफा समुद्रात ढकलल्या. आसपासच्या होड्यांतले लोक लुटीच्या आशेने घिरट्या घालू लागले, आणि रॉबर्ट्स काही खलाशांना घेऊन एका लहान नावेतून मस्कतकडे मदत आणायला निघाला. जहाज कसंबसं सुटून मस्कतला पोचलं, करारांची देवघेव झाली, सुलतानाला नजराणा मिळाला. पण तळाला मार बसलेला. ते नीट करायला 'पीकॉक' आली ती थेट मुंबईला. वाडिया घराण्यातले पारशी मिस्त्री ज्या गोदीचे प्रमुख होते, त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत ती काही आठवडे दुरुस्तीला होती. सयामच्या राजाची पेटी अजून रॉबर्ट्सच्या सामानातच असणार, कारण ती बँकॉकला पोचली १८३६च्या एप्रिलमध्ये. १८३५च्या दिवाळीच्या आसपास जगातलं एक सगळ्यात महागडं नाणं मुंबई बंदरात पडून होतं आणि तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती! सुलतानाने या भेटींची परतफेड केली तीही मुंबईच्याच जहाजाने. त्याचं 'सुलताना' हे माझगावला बांधलेलं जहाज १८४० साली न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं.

कोचीन-चीन आणि जपानसाठीही संच नेमलेले होते. ते कुणाच्याच हाती पडले नाहीत. रॉबर्ट्स जूनमध्ये मकावला आजारी पडून वारला आणि मोहीम तिथेच संपली.

आता आठांपैकी ज्याचा पहिला मालक निर्विवाद आहे, असा एक डॉलर पाहू. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा मॅथ्यू स्टिकनी हा अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पिढीतला संग्राहक. १८४२ साली टांकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांनी जगभरच्या नाण्यांवर एक पुस्तक काढलं आणि त्यात १८०४च्या डॉलरचं चित्र छापलं. स्टिकनीने ते पाहिलं. ९ मे १८४३ रोजी तो स्वतः फिलाडेल्फियाला टांकसाळीत गेला आणि अदलाबदलीत तो डॉलर घेऊन आला. टांकसाळीला त्याने जी नाणी दिली त्यांत १७८५ची, सोन्यात पाडलेली 'इम्यून कोलंबिया' होती. तसं दुसरं नाणं कुठेच नाही. सौद्यात कोण जिंकलं हे अजून ठरवता येत नाही. स्टिकनीनंतर १९०७ साली हेन्री चॅपमनच्या लिलावात कर्नल जेम्स एल्सवर्थने तो ३,६०० डॉलरना घेतला. मग तो विल्यम अ‍ॅटवॉटरकडे गेला. १९४६ साली बाल्टिमोरच्या लुई एलियासबर्गने १०,५०० मोजले आणि १९९७ साली त्याच्या संग्रहाच्या लिलावात किंमत झाली १८,१५,०००. तारखा, नावं, आकडे, सगळं जागच्या जागी. टांकसाळीच्या दारापासून सलग.

बाकीच्यांचं असं नाही. फिलाडेल्फियाचे जोसेफ मिक्ली व्हायोलिन दुरुस्त करायचे आणि नाणी जमवायचे. त्यांच्या डॉलरची कथा अशी की १८५०च्या आसपास तो एका बँकेच्या गल्ल्यात भरणा म्हणून आला आणि चाणाक्ष कॅशियरने बाजूला काढला. ओमाहाच्या बायरन रीडकडचा डॉलर म्हणे एका वृद्ध बाईने मुलाच्या छंदासाठी टांकसाळीतून आणला होता. बाल्टिमोरच्या कोहेन यांचा डॉलर रिचमंडच्या एका सराफी पेढीच्या गल्ल्यावर आला. डेक्स्टरचा आधी बर्लिनला, १८८४च्या एका लिलावात, उगवला. तिथून तो चॅपमन बंधूंनी घेतला. त्यांनीच तो आधी तिकडे धाडला होता, अशी कुजबुज तेव्हापासून चालत आली आहे.

या कथा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक कथा अशा माणसापाशी सुरू होते ज्याला काही विचारणं शक्य नाही: अनाम म्हातारी, अनाम खातेदार, परदेशातला विक्रेता. टांकसाळीच्या आतल्या माणसाचं नाव कुणीच घेत नाही. त्याला कारण होतं. ते नाव घेतलं असतं तर नाणं १८०४चं नाही हे कबूल करावं लागलं असतं.

शिवाय मधल्या काळात आतल्या मंडळींनी खरोखरच उद्योग करून ठेवले होते. १८५८च्या सुमारास काही कर्मचाऱ्यांनी १८०४चे आणखी डॉलर गुपचूप पाडले आणि विकले. बोभाटा झाल्यावर ते परत मिळवून नष्ट करण्यात आले, एक मात्र टांकसाळीच्या संग्रहात राहिला. तो स्वित्झर्लंडच्या १८५७ सालच्या एका नाण्यावर पाडलेला आहे. बर्नच्या नेमबाजी महोत्सवासाठी काढलेल्या त्या थालरची मूळ अक्षरं नव्या छापाखालून अजून डोकावतात. १८०४ साल असलेल्या डॉलरच्या पोटात १८५७! पुढे १८७०च्या दशकात आणखी काही बाहेर आले. त्यांतला एक फिलाडेल्फियाचा व्यापारी कॅप्टन जॉन हॅसेल्टाइन याने व्हिएन्नाहून आणल्याचं सांगितलं. हॅसेल्टाइनचे सासरे विल्यम आयडलर टांकसाळीच्या जवळच्या वर्तुळातले. मग मुलीच्या नवऱ्याला डॉलर शोधायला व्हिएन्नापर्यंत कशाला जावं लागेल? आणखी एक डॉलर तर टांकसाळीचा माजी संचालक हेन्री लिंडरमन याच्या मृत्यूनंतर त्याच्याच संग्रहात निघाला.

शेवटी साक्ष दिली ती नाण्याच्या कडेने. १७९४ ते १८०३च्या खऱ्या डॉलरच्या कडेवर मूल्य सांगणारी अक्षरं कोरीव आणि ठसठशीत आहेत. कारण आधी कोऱ्या चकतीच्या कडेवर अक्षरं उमटवत आणि मग ती मोकळी ठेवून ठशांमध्ये दाबत. १८२८नंतर टांकसाळीत पोलादी कडं आलं. चकती त्या कड्यात घट्ट बसवून ठोकायची, म्हणजे नाणं वाटोळं गरगरीत निघतं. १८०४चा कुठलाही मूळ डॉलर उभा धरून फिरवा. अक्षरं चेपलेली, काही ठिकाणी जवळपास पुसलेली दिसतात. अक्षरं जुन्या रीतीने उमटवून नाणं नव्या कड्यात ठोकल्याशिवाय असं होत नाही. जे शंभर वर्षं मालक बोलले नाहीत ते कड बोलते.

सेंट लुईचे वकील एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी हे सगळं धागेदोरे जुळवून मांडलं. त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष स्पष्ट होता: हे डॉलर १८३४-३५चे, राजदूताच्या नजराण्यासाठी केलेले. पुस्तक छपाईला गेलेलं असताना, १९६२च्या ऑगस्टमध्ये, डेट्रॉइटला नाणेसंग्राहकांचं अधिवेशन भरलं आणि लंडनच्या स्पिंक कंपनीचे डेव्हिड स्पिंक तिथे एक जुनी चामड्याची पेटी घेऊन आले. आत मखमली खाचांत १८३४ची नाणी, आणि त्यांच्यामध्ये १८०४चा डॉलर. खाचा होत्या तितकी नाणी मात्र उरली नव्हती. सयामच्या राजाचा संच! जो असणार असं दोघांनी कागदपत्रांवरून म्हटलं होतं, तो समोर टेबलावर. छपाई थांबवून पुस्तक सुधारावं लागलं. एवढं भाग्य संशोधकाच्या वाट्याला फार येत नाही.

पण पेटी बँकॉकहून लंडनला आली कशी? स्पिंककडे ती दोन वयस्क बायकांकडून आली आणि त्या अ‍ॅना लिओनोवेन्सच्या वंशातल्या असल्याचं सांगितलं गेलं. ही अ‍ॅना म्हणजे १८६२ ते १८६७ राजा मोंगकुटच्या मुलांना शिकवणारी बाई, जिच्यावर 'द किंग अँड आय' हा चित्रपट निघाला. राजाने खूश होऊन तिला पेटी दिली, असा तर्क बाजाराने उचलून धरला. मला तो फार घाईचा वाटतो. लिहित्या हाताची ही बाई, सयामवर पुस्तकं लिहून गाजली. राजाच्या हातून मिळालेला असा नजराणा तिने गुपचूप कपाटात ठेवला असता का?

आणि अ‍ॅनाची स्वतःची वंशावळ? आपण वेल्समध्ये जन्मलो, सैन्यातल्या कॅप्टनची मुलगी, असं ती जन्मभर सांगत राहिली. १९७०च्या दशकात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या संशोधकाने कंपनी सरकारची दप्तरं चाळली आणि निघालं वेगळंच. बाई जन्मल्या १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. वडील साधे सार्जंट, ते तिच्या जन्माआधीच वारलेले. आई अँग्लो-इंडियन. लग्न पुण्यात, १८४९च्या नाताळात. नगरच्या छावणीतली पोर बँकॉकच्या दरबारात वेल्सची खानदानी बाई म्हणून वावरली. १८०४चा शिक्का मारलेल्या १८३४च्या डॉलरला याहून शोभणारी मालकीण मिळाली नसती.

संच पुढे १९९०मध्ये ३१,९०,००० डॉलरना आणि २००५मध्ये ८५ लाखांना विकला गेला. मस्कतच्या संचाचं तसं नाही, तो फुटला. सुलतानाचा म्हणून जो डॉलर आज दाखवतात तो लिव्हरपूलच्या चार्ल्स वॉटर्सकडून १९१७ साली लंडनच्या लिलावात ३३० पौंडांना गेला. तिथून तो शिकागोच्या व्हर्जिल ब्रँडकडे आला. ब्रँड बिअरचा कारखानदार, १९२६ साली वारला तेव्हा त्याच्याकडे साडेतीन लाखांच्या घरात नाणी होती. त्याची एक सवय मात्र अभ्यासकांवर उपकार करून गेली. प्रत्येक खरेदी तो वहीत क्रमांकाने लिहून ठेवायचा. त्या वह्या आता न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीत आहेत आणि अनेक नाण्यांचे तुटलेले दुवे तिथे जुळतात. १९४५ साली डॉलर चाइल्ड्स घराण्याकडे आला, १९९९मध्ये ४१,४०,००० डॉलरना गेला, २०२१मध्ये ७६,८०,०००ना. ब्रँडच्या वहीपासून पुढे सगळं पक्कं. पण मस्कत ते लिव्हरपूल हा पल्ला निव्वळ वजाबाकीने काढलेला आहे. बाकीच्या सातांपैकी कुठलाच सुलतानाचा असणं जमत नाही आणि हा इतका नितळ आहे, म्हणून हाच असणार! कॅटलॉगमध्ये सुलतानाचं नाव ठळक छापतात, 'असावा' हा शब्द बारीक.

इतकी टिपणं ठेवण्याचा व्यवहारी उपयोगही आहे. १९६७च्या ऑक्टोबरात मायामीजवळ विलिस ड्यू पाँट यांच्या घरात बुरखाधारी दरोडेखोर शिरले आणि १८०४चे दोन डॉलर घेऊन गेले. त्यांतला एक लिंडरमनचा. सगळ्या डॉलरचे फोटो छापलेले, प्रत्येकाचा ओरखडा न् ओरखडा माहितीतल्यांना पाठ. विकायचे कुणाला? एक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडला, दुसरा १९९३ साली.

उलट प्रकारची एक हकिकत सांगतो. ऑक्टोबर १९६४मध्ये लंडनला क्रिस्टीजमध्ये लॉर्ड सेंट ऑस्वल्ड यांची अमेरिकन नाणी निघाली. यॉर्कशायरमधल्या नॉस्टेल प्रायरी या वाड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. त्यांत १७९४चे दोन डॉलर, वापराची रेघही नसलेले. घराण्यातले सर रोलंड विन १७९५ साली अमेरिकेला गेले होते आणि ताजी नाणी घेऊन आले, असं सांगण्यात आलं. सगळ्यांनी मान डोलावली. तीसेक वर्षांनी मायकेल हॉडर या नाणे-अभ्यासकाने तपास केला, तर त्या विनच्या अमेरिका-प्रवासाचा मागमूस नाही. पण त्याच यॉर्कशायरमधला बॉइंटनचा विल्यम स्ट्रिकलंड १७९४-९५मध्ये अमेरिकेत हिंडत होता. तिथल्या शेतीची पाहणी करत होता, त्या प्रवासाची त्याची रोजनिशी आहे. त्याची मुलगी प्रिसिला १८१९ साली नॉस्टेलच्या चार्ल्स विनशी लग्न करून तिथे आली. हे चार्ल्स विन जुन्या वस्तूंचे शौकीन. जावयाचा शौक आणि सासऱ्याचा प्रवास, नाणी माहेरहून सासरी आली ती या वाटेने. इथे नाणी अस्सल, साल अस्सल, आणलीही १७९५च्या सुमारासच. चुकलं होतं ते फक्त आणणाऱ्याचं नाव. त्या दोनांपैकी एक २०१५ साली न्यूयॉर्कला ४९,९३,७५० डॉलरना विकला गेला. बाजारात त्याला अजूनही लॉर्ड सेंट ऑस्वल्डचा डॉलर म्हणतात. स्ट्रिकलंडचा कुणी म्हणत नाही.